सीमंतिनीची दृष्टी

श्रावणातील सोमवारी उचगावापासून निपाणीपर्यंतच्या सीमाभागात, मराठी घरांतून आणि शिवालयांच्या सभामंडपांतून, शिवलीलामृताची पोथी उघडली जाते. उचगाव हे बेळगावच्या पश्चिमेकडील गाव; मळेकरणी देवीमुळे त्याचे नाव दूरवर पोहोचलेले. येथे घरात मराठी, कचेरीत कानडी आणि गोव्याकडील सोयरे आले की कोंकणी, असा तिन्ही भाषांचा वावर असतो. पोथी मात्र श्रीधरस्वामींचीच. ज्यांस सवड थोडी ते अकरावा अध्याय वाचून हात जोडतात. ज्यांस सवड आहे ते चौदाही अध्याय पुरे करतात. अशा रीतीने सातवा अध्यायही प्रतिवर्षी असंख्य मुखांतून जातो. तथापि त्यात काय सांगितले आहे यापाशी क्षणभर थांबणारा वाचक आम्हांस क्वचितच भेटला. आज त्या अध्यायापाशी थोडे थांबावयाचे आहे, आणि तेथून निघून एका मराठी कवीच्या मरणापर्यंत जावयाचे आहे.

श्रीधरांनी हा ग्रंथ शके १६४० मध्ये बारामतीस सिद्धीस नेला. आधार स्कंदपुराणातील ब्रह्मोत्तरखंडाचा. कथा विदर्भ देशातील आहे. वेदमित्र आणि सारस्वत हे दोन ब्राह्मण परस्परांचे स्नेही. पहिल्याचा पुत्र सुमेधा, दुसऱ्याचा सोमवंत. दोघे एकत्र वाढले, एकत्र शिकले. विवाहासाठी द्रव्य हवे म्हणून दोघेही विदर्भराजाकडे गेले, तेव्हा राजाला थट्टा सुचली. निषध देशाची राणी सीमंतिनी दर सोमवारी दांपत्यांची शिवपार्वती म्हणून पूजा करते आणि त्यांस विपुल धन देते. तेव्हा तुमच्यापैकी एकाने स्त्रीवेष घ्यावा आणि जोडप्याने तिच्याकडे जावे, अशी त्याने आज्ञा केली. तरुणांनी ती मान्य केली नाही. हे कपट आहे, उघडकीस आले तर प्राणावर बेतेल, असे त्यांनी परोपरीने सांगितले. परंतु राजाज्ञेपुढे दरिद्री विद्यार्थ्यांचे काय चालणार? सोमवंताने लुगडे नेसले आणि दोघे भीतभीतच निघाले.

सीमंतिनीने त्यांस पाहिले. यातील एक पुरुष आहे हे तिच्या लक्षात आले नाही असे नाही. ते तिने ओळखले आणि ती किंचित हसली. त्यानंतर तिने जे केले ते ध्यानात घेण्यासारखे आहे. तिने सेवकांस हाक मारली नाही, पदर ओढून पाहिला नाही. समोर आलेल्या दोघांच्या ठायी तिने गौरीहरांची भावना केली आणि यथासांग पूजा केली. परतीच्या वाटेवर सोमवंताचे पुरुषत्व लोपले. तो खरोखरच स्त्री झाला आणि सुमेधाला पती म्हणून आळवू लागला. सुमेधा गांगरला, त्याने मित्राची निर्भर्त्सनाही केली. घरी आकांत झाला. सारस्वताचा एकुलता एक मुलगा गेला होता. राजा खजील झाला. त्याने अन्नपाणी वर्ज्य करून देवीची आराधना आरंभिली. देवी प्रसन्न झाली, परंतु मागितलेला वर तिने दिला नाही. माझ्या भक्त स्त्रीच्या भावनेने जे घडले ते मला फिरविता येणार नाही, असे तिने सांगितले. या दोघांचा विवाह करून द्यावा. सारस्वताला दुसरा पुत्र होईल.

हा खटला आमच्यापुढे आला असता तर आम्ही प्रथम आरोपी कोण हे विचारले असते. कपटाची कल्पना राजाची. वेष बदलणाऱ्यांनी विरोध नोंदविला होता. जिची फसवणूक व्हावयाची तिची फसवणूक झालीच नाही. उरले ते फक्त परिणाम. आणि त्या परिणामाला भगवतीनेच मान्यता दिली. शिक्षा कोणालाच नाही. गावकीने वाळीत टाकल्याचा उल्लेख नाही, दोघांनी देशोधडीला लागावे असे कोणी म्हणत नाही. पित्याचे दुःख खरे मानले आहे, आणि त्याची भरपाई वेगळी केली आहे. मुलाला पूर्ववत करून नव्हे. आमच्या व्यवसायातील भाषेत सांगावयाचे तर निवाडा असा की, जे आहे ते तसेच राहील, आणि इतरांनी त्याच्याशी जुळवून घ्यावे.

यावर आमचे कित्येक वाचक म्हणतील की, ही सोमवार व्रताची माहात्म्यकथा. तीतून पुरुषा-पुरुषांच्या प्रीतीचे समर्थन काढणे म्हणजे ओढाताण होय. त्यांचे निम्मे म्हणणे आम्हांस मान्य आहे. कथेत विवाह होतो तो स्त्री-पुरुषांचा. मधे एक देह बदलावा लागतो. सुमेधाने सोमवंतावर अगोदरपासून त्या भावनेने प्रेम केले असे श्रीधर कोठेही सांगत नाहीत. ज्यांस या कथेत आजच्या एखाद्या चळवळीचा जाहीरनामा सापडतो त्यांनी पोथी घाईने वाचली असे आम्ही म्हणू. परंतु निम्मे म्हणणे उरतेच. दोन तरुण अशा स्थितीत समोर आले की जी उघड झाली असती तर त्यांची बेअब्रू निश्चित होती. त्या क्षणी त्यांचे भवितव्य पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर अवलंबून होते. सीमंतिनीच्या डोळ्यांनी त्यांचे रक्षण केले. आमच्या मते कथेचे मर्म व्रताच्या फलापेक्षा येथे अधिक आहे.

येथे आणखी एक गोष्ट प्रांजळपणे नोंदविली पाहिजे. आमच्या धर्मशास्त्राने असा संग निर्दोष म्हटलेला नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात तो एके ठिकाणी जातिभ्रंशकर पातकांत गणला आहे. त्याच अध्यायात पुढे द्विजासाठी सचैल स्नानाचे, म्हणजे अंगावरील वस्त्रांसह स्नान करण्याचे, प्रायश्चित्त सांगितले आहे. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात त्यास पूर्वसाहसदंड ठेवला. तो ४८ पासून ९६ पणांपर्यंतचा. पापाला नाव आहे, पण त्याची किंमत एक आंघोळ किंवा काही नाणी. कायद्याच्या अभ्यासकाला दंडाच्या मापावरून शास्त्रकाराचे मन कळते. फाशी, जन्मठेप, काळे पाणी यांचा या प्रकरणाशी संबंध जोडणारे मन आमच्या पोथ्यांतून आलेले नाही. ते कोठून आले हे पाहावयाचे तर लंडनच्या एका भाड्याच्या खोलीपर्यंत जावे लागते.

साल १८३५, ऑगस्ट महिना. टेम्सच्या दक्षिणेस साउथवर्क नावाच्या वस्तीत एका वृद्धाने घेतलेल्या खोलीत जेम्स प्रॅट आणि जॉन स्मिथ हे दोघे होते. प्रॅट घोड्यांच्या चाकरीतला, स्मिथ अंगमेहनतीचा मजूर. घरमालकाला संशय होता. तो प्रथम बाहेरून उंचावर चढून खिडकीतून डोकावला, मग जिन्याने येऊन त्याने कुलपाच्या भोकाला डोळा लावला, आणि शेवटी दार फोडले. त्या भोकातून जे दिसले असे तो म्हणाला, तेवढ्या पुराव्यावर २७ नोव्हेंबर १८३५ रोजी न्यूगेट तुरुंगासमोर दोघांस फासावर लटकाविण्यात आले. असल्या आरोपाखाली इंग्लंडात फाशी गेलेले हे शेवटचे दोघे. त्या महिन्यात चार्ल्स डिकन्स तुरुंग पाहावयास गेला होता आणि त्याने या दोघांस कोठडीत पाहिले होते, हे त्याच्या लेखनाचे अभ्यासक जाणतात.

या प्रकरणातील एक गृहस्थ मात्र स्मरणात ठेवावा असा आहे. प्रॅट आणि स्मिथ यांस वरच्या न्यायालयाकडे धाडणारा मॅजिस्ट्रेट हेन्स्ली वेजवुड हा चार्ल्स डार्विनचा आप्त आणि पुढे शब्दव्युत्पत्तीचा पंडित म्हणून प्रसिद्धीस आला. त्याला हा गुन्हा किळसवाणा वाटत होता; त्याने ते लपविले नाही. तरीही त्याने गृहमंत्र्यास दयेसाठी पत्र लिहिले. त्यातील युक्तिवाद असा की, या कायद्यात श्रीमंत आणि गरीब यांच्यामध्ये भयंकर विषमता आहे. या कृत्याने तिसऱ्या कोणालाही इजा होत नाही. ते उघडकीस न येण्यासाठी लागतो तो फक्त बंद दारामागचा एकांत, आणि तो पैशाने विकत मिळतो. ज्याच्याजवळ पैसा नाही त्याचीच मान फासात अडकते. १८३५ सालच्या त्या मॅजिस्ट्रेटने जे ओळखले ते आमच्या देशातील न्यायालयांस उमगण्यास पावणेदोनशे वर्षे लागली.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३७ साली, मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील मंडळाने हिंदुस्थानासाठी दंडसंहितेचा मसुदा तयार केला. तो बरीच वर्षे पडून राहिला, १८६० साली संमत झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आला. त्यातील कलम ३७७ अन्वये ‘निसर्गक्रमाविरुद्धच्या’ संगास जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठरली. निसर्गाचा क्रम कोणता हे कलमात सांगितलेले नव्हते. शिवालयात सोमवारी सातवा अध्याय आणि कचेरीत कलम ३७७, अशी दुहेरी व्यवस्था आमच्या समाजात पुढे दीडशे वर्षे सुखेनैव नांदली. आणि नवल असे की, काही पिढ्यांनंतर त्या इंग्रजी कलमालाच आम्ही आमची सनातन परंपरा समजू लागलो.

पाहणाऱ्याच्या दृष्टीचा हा प्रश्न आमच्या मुलखाला परका नाही. याच बेळगाव जिल्ह्यात सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माचे ठाणे आहे. मार्गशीर्षी पौर्णिमेच्या यात्रेस कोल्हापूर, सांगली, निपाणीकडून जी गर्दी लोटते तीत लुगडे नेसलेले, कपाळी भंडारा माखलेले, डोक्यावर देवीचा जग घेतलेले पुरुष असतात. कानडीत त्यांस जोगप्पा म्हणतात, मराठीत जोगते. घराने ज्याला नाकारले त्याला देवीने घेतले, असे त्यांच्याविषयी बोलले जाते. त्यात तथ्य आहे. पण हे घेणेही फुकटचे नसते. गळ्यात दर्शन बांधले की शेत, संसार, हक्क सुटले आणि जोगवा मागणे नशिबी आले. गडहिंग्लजकडील कादंबरीकार राजन गवस यांनी ‘भंडारभोग’ आणि ‘चौंडकं’ या कादंबऱ्यांत त्या जिण्याची जी चिरफाड केली आहे, ती वाचल्यावर परंपरेच्या उदारतेविषयी फार बढाई मारवत नाही. बल्लारीकडील मंजम्मा जोगती यांस २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, ही मात्र आनंदाने सांगण्यासारखी गोष्ट. असो. आमच्या भागात सीमंतिनीची दृष्टी अगदीच आंधळी नव्हती, एवढेच येथे म्हणावयाचे आहे.

आता त्या कवीकडे वळू.

डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे नागपूरचे. म्हणजे सुमेधा-सोमवंतांच्या विदर्भातलेच. मराठीचे अध्यापन करण्यासाठी ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठात गेले आणि आयुष्याची वीसहून अधिक वर्षे तेथेच राहिले. उत्तर हिंदुस्थानातील त्या विद्यापीठात मराठी शिकविली जाते हेच आमच्यापैकी पुष्कळांस ठाऊक नसेल. ते आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख झाले. त्यांचा ‘पायाखालची हिरवळ’ हा कवितासंग्रह. त्यास २००२ साली महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. भोवताली उर्दू आणि हिंदी, घरात पुस्तके आणि मराठी, असा हा एकाकी मनुष्य. निवृत्ती काही महिन्यांवर आली होती.

८ फेब्रुवारी २०१० रोजी कॅमेरा घेतलेली माणसे त्यांच्या विद्यापीठातील निवासस्थानात घुसली. आत प्राध्यापक आणि एक सायकलरिक्षा ओढणारा तरुण असे दोघे होते. दोघे प्रौढ, दोघांची संमती. त्यांचे चित्रण करण्यात आले. दुसऱ्याच दिवशी गैरवर्तनाच्या कारणाखाली प्राध्यापकांस निलंबित करण्यात आले आणि घर सोडण्यास सांगण्यात आले. घरात घुसणाऱ्यांच्या वर्तनाचा विचार त्या दिवशी कोणाच्या मनात आलेला दिसत नाही. साउथवर्कच्या घरमालकाजवळ कुलपाचे भोक होते, येथे भिंग होते; मधल्या १७५ वर्षांत पाहण्याच्या उपकरणात तेवढी सुधारणा झाली.

वकिलाच्या दृष्टीने या प्रकरणातील विलक्षण भाग असा की, त्या दिवशी कायदा सिरसांच्या बाजूचा होता. त्याच्या सात महिने अगोदर, २ जुलै २००९ रोजी, दिल्ली उच्च न्यायालयाने नाझ फाउंडेशनच्या अर्जावर निकाल देऊन, प्रौढांनी एकांतात परस्परसंमतीने केलेले कृत्य कलम ३७७ च्या बाहेर काढले होते. तो निकाल देणाऱ्या दोघा न्यायमूर्तींपैकी मुख्य न्यायाधीश अजित प्रकाश शहा हे सोलापुरात जन्मलेले. सिरसांवर कोणताही फौजदारी आरोप ठेवण्यात आला नव्हता, आणि ठेवता येणे अवघड होते. तरीही दोन महिन्यांच्या आत त्यांचे पद, घर, शेजार आणि नाव ही चारही गेली. कायद्याने ज्याला हात लावावयाचा नाही असे ठरविले त्यालाच शेजारपाजार आणि कचेरी मिळून पुरते उद्ध्वस्त करू शकतात, आणि त्यासाठी एकही कलम लागत नाही.

सिरस मुळूमुळू रडत बसणाऱ्यांपैकी नव्हते. ते अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले. १ एप्रिल २०१० रोजी न्यायालयाने निलंबनास स्थगिती दिली आणि निवासस्थान परत देण्यास सांगितले. त्या आदेशाचा आशय असा की, खाजगीपणाचा हक्क हा रक्षणीय मूलभूत हक्क आहे, आणि मनुष्याच्या खाजगी वर्तनाचा त्याच्या नोकरीशी ठोस संबंध दाखविल्यावाचून त्यास गैरवर्तन म्हणता येणार नाही. आदेश उत्तम होता. सहा दिवसांनी, ७ एप्रिल रोजी, अलीगढमधील भाड्याच्या घरात सिरस मृतावस्थेत सापडले. शरीरात विषाचे अंश आढळले. पोलिसांनी काही जणांस अटक केली. पुढे पुराव्याअभावी प्रकरण मिटले. निलंबन उठविल्याचे पत्र त्यांच्या पश्चात पोहोचले.

येथे आमच्या काही वाचकांच्या मनात येईल की, ते मुसलमानी विद्यापीठ, तेथे असेच व्हावयाचे. हा विचार त्यांनी मनातून काढून टाकावा अशी आमची विनंती आहे. एखाद्या देवस्थानच्या ट्रस्टने चालविलेल्या विद्यालयात, किंवा आमच्याच एखाद्या ज्ञातीच्या वसतिगृहात, एखाद्या शिक्षकाच्या दारावर अशी थाप पडली असती तर व्यवस्थापक मंडळाने काय केले असते? सभासदांची तातडीची बैठक, एकमताचा ठराव आणि संध्याकाळपर्यंत खोली रिकामी. अशा मंडळांचे ठराव आम्ही पुष्कळ वाचले आहेत. त्यांची भाषा अलीगढच्या भाषेहून निराळी असती असे मानण्यास आधार नाही. सीमंतिनीची पूजा करणे सोपे, सीमंतिनी होणे अवघड.

आणखी एक गोष्ट या प्रकरणात सारखी पुढे येत राहिली. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत प्राध्यापकाच्या शेजारी ‘रिक्षावाला’ हा शब्द जाड टायपात होता. दोघे पुरुष आहेत यापेक्षा दोघे विजोड आहेत हेच कित्येकांस अधिक झोंबलेले दिसते. एक नागपूरचा मराठी पंडित, दुसरा अलीगढच्या रस्त्यावर घाम गाळणारा. एकाच्या घरी पुस्तकांची कपाटे, दुसऱ्याचे घर म्हणजे दिवसाच्या भाड्यावर घेतलेली तीन चाके. सुमेधा आणि सोमवंत तरी समान कुळातले, समान विद्येचे. असे विजोड सख्य स्त्री-पुरुषांचे असते तर आम्ही त्यावर नाटके लिहिली असती आणि नाट्यगृहात डोळे पुसले असते. येथे मात्र त्या अंतराचा अर्थ एकच घेतला गेला, की यात स्नेह असूच शकत नाही, असेल तो व्यवहार. तो संबंध किती ओढीचा होता हे ठरविण्याचा अधिकार आम्हांस नाही. दार फोडणाऱ्यांस तर मुळीच नव्हता.

परंतु त्या विजोडपणाची दुसरी बाजू सांगितल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही. निलंबनाविरुद्धच्या अर्जाचा विषय प्राध्यापकांचे पद आणि घर हा होता. रिक्षा ओढणाऱ्याच्या रोजीला निलंबनपत्र नसते, म्हणून स्थगितीही नसते. चित्रण दोघांचे झाले होते. सिरसांवर पुढे हिंदी चित्रपट निघाला, मनोज बाजपेयी यांनी त्यांची भूमिका केली, २०१६ साली तो देशभर लागला. एक चांगला चित्रपट म्हणून तो पाहण्याजोगा आहे. त्या दुसऱ्या मनुष्याचे नाव आम्ही येथे देत नाही. ते छापले तेव्हा त्याचे काही भले झाले नव्हते, आता तरी त्याला निनावी जगू द्यावे. गरिबास एकांत परवडत नाही हे वेजवुडचे म्हणणे त्याच्याकडे पाहिले की पुन्हा आठवते.

त्यानंतरची न्यायालयीन हकीकत थोडक्यात. दिल्लीचा निकाल ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फिरविला आणि कलम ३७७ जसेच्या तसे परत आले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी, कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या अर्जावर, नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्या पायावर ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींनी एकमताने कलमाचा तो भाग रद्द केला. त्या खटल्यातील पहिले अर्जदार नवतेज सिंग जोहर हे भरतनाट्यम नर्तक आणि त्यांचे जोडीदार सुनील मेहरा हे पत्रकार. दोघे त्या वेळी दोन दशकांहून अधिक काळ एकत्र राहत आलेले. पत्रकाराची लेखणी आणि नर्तकाचे घुंगरू यांचा संसार इतका टिकला, हे अर्जाच्या कागदपत्रांत सहज जाता जाता येते. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी मात्र सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांस विवाहाचा मूलभूत हक्क नाकारला आणि तो विषय संसदेकडे सोपविला.

१ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिताच गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. तीत कलम ३७७ चा मागमूस नाही. याचा आनंद मानणाऱ्यांस आम्ही एक कायदेशीर बाब सुचवितो. २०१८ च्या निकालाने संमतीचे कृत्य मोकळे केले होते; बळजबरीचे कृत्य त्या कलमाखाली गुन्हाच राहिले होते. नव्या संहितेत ते कलम नसल्याने, आणि बलात्काराची व्याख्या स्त्रीपुरतीच ठेवल्याने, ज्या पुरुषावर दुसरा पुरुष बळजबरी करील त्याच्यासाठी तेवढ्या गांभीर्याचे कलम उरले नाही. भय काढताना रक्षणही काढून टाकले, असा हा विचित्र प्रकार आहे, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयास सरकारकडे त्याविषयी विचारणा करावी लागली.

या सर्व निवाड्यांपेक्षा आम्हांस मद्रास उच्च न्यायालयाचा एक आदेश अधिक मोलाचा वाटतो. त्याची वाच्यता आमच्याकडे फारशी झाली नाही. मदुराईकडील दोन तरुणी घर सोडून चेन्नईस आल्या. आईबापांनी मुली हरवल्याची तक्रार केली, पोलीस मागावर आले, आणि दोघींनी न्यायालयाकडे रक्षण मागितले. प्रकरण न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांच्यापुढे आले. आपल्याला या विषयाची जाण नाही आणि आपण समाजातील सामान्य पूर्वग्रहांपासून मुक्त नाही, हे त्यांनी लेखी नमूद केले. मग ते स्वतः एका मानसशास्त्रज्ञाकडे शिकण्यासाठी जाऊन बसले. मुलींशी बोलणे झाले, आईबापांसही समुपदेशनासाठी पाठविले. त्यांचे दुःख आदेशात सहानुभूतीने नोंदविलेले आहे, जसे पोथीत सारस्वताचे आहे. ७ जून २०२१ रोजी त्यांनी आदेश दिला, की प्रौढ व्यक्ती आपखुशीने एकत्र राहत आहेत असे दिसल्यावर हरवल्याची तक्रार पोलिसांनी बंद करावी आणि त्यांस छळू नये. अशा माणसांस निवारा हवा असल्यास कोणत्या संस्थांकडे जावे याची यादी सरकारने प्रसिद्ध करावी, असेही त्यांनी त्यात लिहिले.